होडीतला पेट्रोलचा वास जात नाही, शोध कुठून सुरू करू? (बेतुल)

साळकाठचा | १४ एप्रिल

नमस्कार मंडळी. आमची होडी बेतुलला, साळ नदीच्या मुखाशी लागते. २४ फुटी फायबर, मागे ४० एचपीचे चार-स्ट्रोक ओबीएम (होडीच्या मागे बाहेरून लावायचे इंजिन). दोन वर्षांपूर्वी सेकंडहँड घेतली. त्याआधी ती पर्यटकांना डॉल्फिन दाखवायला जायची, त्यामुळे तिला आपल्या नेहमीच्या होड्यांसारखी उचलून नेता येणारी टाकी नाही. डेकखाली १०० लिटरची ॲल्युमिनियमची टाकी आहे आणि तिच्याभोवती फोम ठासून भरलेला आहे.

जानेवारीपासून पेट्रोलचा वास येतोय. फेब्रुवारीत हाताने दाबायचा फुगा आणि इंजिनाकडे जाणारी नळी दोन्ही नवीन घातले. बिल्ज, म्हणजे डेकखालचा होडीचा तळ, तीन वेळा साबणाने घासून धुतला. दोन दिवस बरे वाटते, मग पुन्हा तेच. तळात पेट्रोल तरंगताना एकदाही दिसलेले नाही.

आज लिहायला बसलो ते परवाच्या प्रसंगामुळे. मडगाव बाजारातल्या एक मावशी अकरा वर्षे आमची मासळी घेतात. त्यांनी एक बांगडा उचलला, कल्ला उघडून नाकाशी धरला आणि परत ठेवला. "पुता, ह्या बांगड्यांक पेट्रोलाचो वास येता रे." पूर्ण टोपली परत आली. रागावल्या नाहीत, म्हणून जास्त लागले.

बाबा ६८ वर्षांचे आहेत, अजून रोज सोबत येतात आणि हल्ली दुपारी डोके धरून बसतात. त्यांच्या मते होडी म्हटली की वास असायचाच. मला ते पटत नाही.

एक गोष्ट लक्षात आली आहे. टाकी फुल्ल केली की वास जास्त, अर्ध्याखाली गेली की जवळपास नाहीच. पहाटे कमी, बारानंतर वाढतो. जाणकारांनी वाट दाखवावी.

खारीवाड्याचा_तांडेल | १४ एप्रिल

वास कुठून येतो ते नंतर पाहू. आधी हे वाच आणि उद्यापासून पाळ.

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन ते चार पट जड असते. ती वर उडून जात नाही, पाण्यासारखी वाहत जाऊन बिल्जमध्ये बसते. हवेत तिचे प्रमाण १.४ टक्के झाले की एका ठिणगीने पेट घेते. तुझ्या बिल्जमध्ये पंप असेल, त्याचा फ्लोट स्विच असेल. पाणी चढले की तो आपोआप चालू होतो, तू झोपलेला असलास तरी. होडी उभी असताना झाकणे उघडी ठेव. बॅटरी सोडायची असेल तर आधी झाकणे उघडून तासभर वारा खेळू दे आणि मगच तार काढ. तार काढतानासुद्धा ठिणगी पडते. होडीत चहा उकळत असाल तर तो स्टोव्ह आजच घरी ने.

आमचा ट्रॉलर डिझेलचा. डिझेल गळले तर चिकटते, डाग पडतो, पाय घसरतो, जागा सापडते. पेट्रोल गळते आणि मागे काही न ठेवता उडून जाते. तळात काही दिसत नाही म्हणून गळती नाही असे धरू नकोस.

पाना_नंबर_दहा | १५ एप्रिल

तांडेलांनी सांगितले ते आधी. मी पणजीत ओबीएमची कामे करतो, म्हणून सविस्तर लिहितो.

साळकाठचा, तुमच्या निरीक्षणातच अर्धे उत्तर आहे. वास फक्त फुल्ल टाकीला येतो याचा अर्थ टाकीचे बूड बहुधा शाबूत आहे. बूड गळत असते तर अर्ध्या टाकीलाही वास आला असता. गडबड वरच्या अंगाला आहे. तिथे काय काय असते? डेकवरच्या झाकणापासून टाकीत उतरणारा जाड भरणा पाइप, वाफ बाहेर सोडणारी हवेची बारीक नळी, पेट्रोल किती उरले ते दाखवणाऱ्या काट्याच्या फ्लोटची गोल चकती आणि इंजिनासाठी पेट्रोल ओढणारा नळ. या चारांपैकी एक, किंवा दोन.

दुपारी वाढतो याचेही कारण आहे. पेट्रोल दर अंशाला जवळपास हजारात एक भाग फुगते. पहाटे २५ अंशांवर काठोकाठ भरलेली १०० लिटरची टाकी डेकखाली ३७ अंशांना पोचली की लिटरभराहून जास्त पेट्रोलला जागाच उरत नाही. ते भरणा पाइपात आणि हवेच्या नळीत चढते. नळी ठीक असेल तर थोडे बाहेर सांडेल, फुटकी असेल तर आत डेकखाली. त्यामुळे तूर्त ९० लिटरवर थांबा.

आता फडक्याची परीक्षा. धुतलेले कोरडे सुती फडके घ्या, एका नळीवर घट्ट दाबून टोकापासून टोकापर्यंत फिरवा, मग होडीतून उतरून दहा-पंधरा पावले लांब जा आणि हुंगा. होडीत उभे राहून हुंगू नका, तिथे सगळ्यालाच वास आहे. प्रत्येक नळीला वेगळे फडके. फडक्याला वास लागला तर ती नळी कुठेही चिरलेली नसली तरी बाद. रबर जुने झाले की पेट्रोल त्याच्या अंगातून पाझरते, थेंब न दाखवता. पंपांवर २०२३ पासून २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल यायला लागले, आणि जुने रबर त्याने फुगते, मऊ पडते, भेगाळते. तुमच्या नळ्या त्याआधीच्या असतील तर शंका घ्यायलाच हवी.

सासष्टीची_परिचारिका | १५ एप्रिल

यंत्रातले मला कळत नाही, नाकाबद्दल सांगते. एकाच वासात दहा-पंधरा मिनिटे राहिले की नाक तो वास कळवणे बंद करते. वास गेला असे वाटते, प्रत्यक्षात तो तिथेच असतो. तुम्ही आणि बाबा रोज त्याच होडीत, म्हणजे शोधायला तुमची नाके कामाची नाहीत. जो होडीत कधी येत नाही असा कोणी माणूस आणा. दर पाच मिनिटांनी त्याला धक्क्यावर पाठवा, मोकळी हवा घेऊन परत येऊ द्या.

बाबांची डोकेदुखी उन्हावर ढकलू नका. पेट्रोलमध्ये बेंझिन असते, आपल्याकडे १ टक्क्यापर्यंत चालते, आणि ते कर्करोगाला कारणीभूत ठरते. दुपारी त्यांना टाकीच्या जागेपासून लांब, वाऱ्याच्या बाजूला बसवा. डॉक्टरकडे न्याल तेव्हा पेट्रोलच्या वासाचे आवर्जून सांगा. सांगितल्याशिवाय डॉक्टरना ते सुचणार नाही.

बांदावरचा | १६ एप्रिल

माझ्या मेहुण्याच्या होडीत असाच वास होता. खायच्या सोड्याचा जाड थर रात्रभर पसरून ठेवला, कोपऱ्यात लाकडी कोळशाच्या दोन पिशव्या टांगल्या. आठवड्यात वास गेला. खर्च काहीच नाही.

खारीवाड्याचा_तांडेल | १६ एप्रिल

बांदावरचा भाऊ, गळती बुजवल्यानंतर उरलेल्या वासाला सोडा-कोळसा जरूर करावा. आत्ता नको. आता तो वासच आपल्याला काहीतरी सांगतोय. तो मारला आणि पेट्रोल येतच राहिले तर कळणार कसे? मेहुण्यांची गळती नंतर सापडली का, तेही विचारून पाहा.

साळकाठचा | २१ एप्रिल

सर्वांचे आभार. बाबांना डॉक्टरकडे नेऊन आणले, तूर्त त्यांना किनाऱ्यावर जाळी विणायला बसवले आहे. कुरकुर चालू आहे.

पुण्याहून मावसभाऊ सुट्टीला आला होता, त्याला नाक म्हणून नेले. त्याला काहीच सांगितले नव्हते. दुसऱ्या फेरीत तो डेकमधल्या छोट्या गोल झाकणाशी थांबला आणि म्हणाला, "इथे." खाली काट्याच्या फ्लोटची चकती. हात घातला तर कडेने काहीतरी चिकट लागले. आधीच्या मालकाने गॅस्केटऐवजी (सांधा घट्ट बंद करणाऱ्या रबरी चकतीऐवजी) पांढरे सिलिकॉन लावलेले होते. ते नखाने ओढले तर भिजलेल्या भाकरीच्या पापुद्र्यासारखे सुटून आले आणि बोटांना पेट्रोल.

फडक्याच्या परीक्षेत हवेच्या नळीला बारीक वास आला. भरणा पाइपाचा वरचा भाग हाताला लागतो, तिथे फडके कोरडे. पाइपाचा मधला भाग काठाच्या पट्टीमागे आहे, तिथे हात पोचत नाही.

पाना_नंबर_दहा | २१ एप्रिल

साधे सिलिकॉन पेट्रोलला टिकत नाही. फुगते, मऊ होते, सुटते. न्हाणीघरासाठी ठीक, टाकीवर कधीच नाही. नायट्राइल रबराचे गॅस्केट आणा. चकतीला पाच स्क्रू असतील तर भोकांमधली अंतरे मुद्दाम असमान ठेवलेली असतात. गॅस्केट आणि चकती एकाच स्थितीत जुळतात, न जुळल्यास जोर लावू नका, फिरवून बघा. स्क्रू समोरासमोरचे थोडे थोडे आवळा. हवेची नळी बदलाच.

एवढ्यावर थांबू नका. पट्टीमागचा तो तुकडा डोक्यात ठेवा. हात पोचत नाही त्या जागी मागच्या मालकाचाही पोचलेला नसतो.

साळकाठचा | ३ मे

गॅस्केट आणि हवेची नळी दोन्ही बदलली. आठ दिवस वास नव्हता. मी इथे आनंदाने लिहिणारच होतो. काल जास्त लांब जायचे म्हणून ९५ लिटर भरले आणि दुपारी एकला परत वास. आधीपेक्षा कमी, पण तोच.

पट्टी कापून पाइप बघायचा का? पट्टी फायबरने बांधून टाकलेली आहे. कापली तर परत बांधायचा खर्च आहे, म्हणून आधी खात्री हवी.

पाना_नंबर_दहा | ३ मे

कापायच्या आधी हवा भरून बघा. नीट वाचा, यात चूक झाली तर टाकी जाते.

टाकीतले पेट्रोल काढून घ्या. इंजिनाकडची नळी बंद करा, डेकवरचे झाकण लावा. हवेच्या नळीच्या बाहेरच्या टोकाला टी-जोड बसवा. एका फाट्याला सायकलचा हातपंप. दुसऱ्या फाट्याला दोन मीटर पारदर्शक नळी, यू आकारात उभी बांधून अर्धी पाण्याने भरलेली. पंप हळू मारत जा. यूच्या दोन बाजूंच्या पाण्यात ७० सेंटीमीटरचा फरक पडला की एक पीएसआय (दाबाचे माप) दाब झाला. तिथे थांबा. पाणी स्थिर राहिले तर टाकी, नळ्या सगळे घट्ट. उतरले तर कुठेतरी हवा जाते आहे, तिथे साबणाचे पाणी लावून बुडबुडे शोधा.

कॉम्प्रेसर अजिबात जोडू नका. एक पीएसआय ऐकायला काहीच नाही, पण ७० सेंटीमीटर पाणी म्हणजे एका चौरस मीटरवर ७०० किलोचा भार. सपाट बाजूंची टाकी कॉम्प्रेसरने क्षणात फुगते आणि शिवण उसवते. पाण्याच्या नळीचा फायदा हा की जास्त झाले तर पाणीच बाहेर उडते.

सूर्य यायच्या आत करा. ऊन लागले की आतली हवा तापून पाणी चढते आणि गळती झाकली जाते.

साळकाठचा | ९ मे

आज पहाटे पाचला केले. होडी वाळूवर ओढून घेतली होती. मी पंपावर, बाबा नळीपाशी टॉर्च धरून. तो टॉर्च लांबूनच, तांडेलकाका, काळजी नसावी.

पहिल्या खेपेला पाणी चढेचना. डेकवरच्या झाकणाची रबरी रिंग चपटी झालेली होती, तिथूनच हवा जात होती. म्हणजे इतके दिवस लाटेचे पाणीही तिथून टाकीत उतरत असणार. नवी रिंग आणून ठेवली होती, ती घातली. मग ७० सेंटीमीटर झाले. दहा मिनिटांत ४१. बाबा काही बोलले नाहीत, पेन्सिलीने लाकडावर रेघा मारत राहिले.

साबणाचे पाणी चकतीला लावले, नळाला लावले, कुठे काही नाही. पट्टीच्या फटीतून मावसभावाने दिलेला लांब ब्रश घालून पाइपाला लावले आणि मोबाइलचा कॅमेरा आधी चालू करून खाली सोडला. पडद्यावर पाइपाची खालची बाजू दिसली. तिथे एका कंसाच्या धारेवर पाइप टेकलेला होता आणि टेकल्या जागी बोटाच्या पेराएवढी चीर. तिच्यातून फेस येत होता, भात उतू जाताना झाकणाच्या कडेने येतो तसा, सावकाश, न थांबता. चिरीच्या वर एक क्लॅम्प गंजून पट्ट्याच्या भोकांतून तुटलेला.

फडके वरून फिरवले तेव्हा कोरडे का आले ते आता कळले. चीर खालून होती. पाइप पेट्रोलने भरतच नाही, फक्त टाकी अगदी वर आली की पेट्रोल त्या वाकापर्यंत पोचते. म्हणून अर्ध्या टाकीला वास नाही.

बाबा रेघांकडे बघून म्हणाले, "पट्टी काप."

तळपणचा_जाळेवाला | १० मे

वाचत होतो, आता राहवत नाही. पाइप बदललात की वास जाईल असे समजू नका. माझा गेला नव्हता. जेवढे महिने ती चीर गळत होती तेवढे पेट्रोल खाली उतरून तुमच्या फोममध्ये गेले आहे. फोम पाणी-तेल पीत नाही म्हणतात, नवा असताना खरे आहे. होडीच्या आदळआपटीने त्याच्या पेशी फुटतात आणि वर्षांनी तो पितो. पिलेले वर्षभर हळूहळू सोडत राहतो.

पाइप आत्ता बदला. पावसाळी मासेमारी बंदीत डेक उघडा. काढलेला फोम किनाऱ्यावर जाळू नका, हात जोडून सांगतो. त्याचा धूर विषारी असतो, आणि पेट्रोल प्यायलेला फोम भडकला तर जवळच्या होड्या जातील.

साळकाठचा | १९ जून

तळपणकर, तुमचे शब्दन् शब्द खरे ठरले. पाइप बदलल्यावर वास निम्म्याने कमी झाला आणि तिथेच अडला.

१ जूनपासून बंदी. दहा एचपीपर्यंतच्या होड्यांना सूट असते, आमचे ४०चे, म्हणून होडी ३१ जुलैपर्यंत वरच. छपराखाली घेऊन डेक उघडला. वरचा फोम पिवळा, कोरडा, हाताला हलका. खाली जाऊ तसा तपकिरी होत गेला आणि टाकीच्या बुडाशी ओल्या मातीसारखा जड. मुठीत दाबला तर पाणी आणि पेट्रोल दोन्ही निथळले. आठ गोणी निघाल्या. वारा लागेल अशा जागी, वस्तीपासून लांब ठेवल्या आहेत आणि पंचायतीकडे विल्हेवाटीचे विचारले आहे. धुतलेले पाणी पिंपात साठवले. साळ नदीच्या चिखलात अर्धे गाव तिसऱ्या (शिंपल्या) वेचते, त्यात हे सोडायला हात धजला नाही.

टाकी बाहेर काढली तेव्हा बुडाला पांढरी भुकटी. खरवडली तर खाली खड्डे, मसुराच्या दाण्याएवढे, दोन-तीन अगदी खोल. हवेच्या परीक्षेत ती घट्ट होती, तरी फार दिवस राहिली नसती.

आता प्रश्न: तशीच नवी टाकी करायची, की उचलायच्या टाक्या घ्यायच्या?

पाना_नंबर_दहा | १९ जून

ओला फोम चिकटून राहिला की ॲल्युमिनियमला हवा मिळत नाही आणि असेच खड्डे पडतात. टाकी नवी करायची तर फोमात गाडू नका, रबरी पट्ट्यांवर ठेवा, खालून पाणी वाहून जाईल आणि चारही बाजूंनी हवा खेळेल अशी. माझे मत नवी टाकी. वजन खाली राहते, होडी डोलत नाही.

खारीवाड्याचा_तांडेल | २० जून

माझे मत उलट. फेरीला किती पेट्रोल लागते? ३५-४० लिटर असेल तर २५च्या दोन टाक्या डेकवर, डोळ्यांसमोर. गळली तर त्याच क्षणी दिसेल आणि वाफ वाऱ्यावर जाईल. भरायला जमिनीवर उतरवता येतात, तेव्हा टाकी जमिनीला टेकवूनच भरायची, म्हणजे स्थिर विजेची ठिणगी पडत नाही.

मोकळ्या झालेल्या जागेत तरंगण्यासाठी फोम परत भरावाच लागेल. स्वस्त पडतो म्हणून थर्माकोल घालू नकोस, पेट्रोलचा थेंब पडला की विरघळतो.

साळकाठचा | ४ ऑगस्ट

तांडेलकाकांचे ऐकले. पाना_नंबर_दहा यांना वाईट वाटू नये, वजनाचे त्यांचे म्हणणे बरोबर आहे, होडी थोडी जास्त हलते. पण मला आता टाकी दिसायला हवी आहे.

बिल्ज चार वेळा साबणाने धुतला, सहा आठवडे उघडा ठेवला. पावसाळी हवेत वाळायला वेळ लागला, पंखा लांब ठेवून वारा आत ढकलला. शेवटी बांदावरच्यांचा सोडा आणि कोळसाही केला आणि त्याने उरलेला वास खरोखर गेला. मग नवा पॉलियुरेथेन फोम, वर डेक.

परवा पहिली फेरी. बाबा सोबत होते. दुपारी दोनला, भर उन्हात, मी त्यांना मुद्दाम मागे टाकीजवळ बसवून विचारले. म्हणाले, "जाळ्याचा वास येतोय." डोके दुखले नाही.

काल मावशींकडे बांगडे नेले. त्यांनी पहिला उचलला, कल्ला उघडला, हुंगला. दुसरा, तिसराही. मग काही न बोलता टोपली स्वतःकडे ओढून मोजायला लागल्या.

बांदावरचा | ५ ऑगस्ट

फार बरे वाटले वाचून. मेहुण्याला हा धागा दाखवला. त्याच्या होडीत उचलायचीच टाकी आहे आणि सोडा उचलल्यावर वास परत आलाय. त्याने कुठे बघावे?

साळकाठचा | ५ ऑगस्ट

टाकीच्या झाकणावर हवेचा छोटा स्क्रू असतो. होडी उभी असताना तो बंद हवा, इंजिन चालवताना उघडा. बंद ठेवून चालवले तर पेट्रोल ओढले जात नाही आणि इंजिन मरते, म्हणून बरेच जण तो कायमचा उघडाच ठेवतात. आधी तो बघायला सांगा, मग झाकणाच्या आतली रिंग, मग नळीचा इंजिनाला लागणारा जोड. फडके लांब जाऊन हुंगायचे, हे विसरू नका म्हणावे.